विकलेल्या वस्तूचे उत्तरदायित्व

आपल्याकडील अनेक दुकानांत गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी हमखास आढळते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' गिऱ्हाईक ती वाचते, मनातल्या मनात थोडे कुरकुरते आणि पैसे मोजून बाहेर पडते. त्या एका वाक्यात व्यवहाराचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेले आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पैसे गल्ल्यात पडले, वस्तू पिशवीत गेली, की विकणारा आणि घेणारा एकमेकांना परके झाले. यापुढे त्या वस्तूचे जे काही बरेवाईट होईल, ते तिच्या नव्या धन्याने पाहावे.

ह्या तत्त्वज्ञानाला छेद देणारी एक प्रथा गेल्या अर्धशतकात उद्योगप्रधान देशांत रूढ झाली आहे. विकलेल्या मालात धोकादायक दोष असल्याचे मागाहून आढळले, तर कारखानदार स्वतः होऊन, अथवा सरकारने भाग पाडल्यामुळे, तो माल परत बोलावतो. मोटारी, औषधे, मुलांची खेळणी अशा अनेक वस्तूंच्या बाबतीत हे घडते. परंतु घरगुती विजेच्या उपकरणांचे प्रकरण अधिक विचार करायला लावणारे आहे. मोटार रस्त्यावर असते आणि चालकाचे तिच्याकडे लक्ष असते. फ्रीज मात्र आपण झोपलेले असतानाही स्वयंपाकघरात चालूच राहतो. त्याच्यावर आपण जो विश्वास टाकलेला असतो, त्याची आपल्याला जाणीवही नसते. अशा वस्तूतून आगीचा धोका आहे हे उमगल्यावर, ती बनवणाऱ्याचे कर्तव्य काय? आणि ते कर्तव्य पार पडले असे केव्हा म्हणावे?

ह्या प्रश्नांचा ऊहापोह हवेत होऊ नये म्हणून एक घडलेले प्रकरण समोर ठेवू. ब्रिटनमध्ये पावसाळी हवा आणि लहान घरे यांमुळे कपडे वाळवण्याचे यंत्र, म्हणजे टम्बल ड्रायर, सर्वसामान्य कुटुंबातही असते. यंत्राच्या फिरत्या पिंपात गरम हवा खेळवली जाते. ओले कपडे घुसळले जाताना त्यांची बारीक लव सुटते आणि ती एका जाळीत अडकावी अशी योजना असते. २०१४ मध्ये व्हर्लपूल ह्या अमेरिकन कंपनीने इंडेसिट ही इटालियन कंपनी ताब्यात घेतली. त्यानंतरच्या तपासणीत असे आढळले, की एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ या काळात बनलेल्या काही यंत्रांत ही लव जाळीला चुकवून तापणाऱ्या भागापर्यंत पोहोचू शकते आणि पेट घेऊ शकते. हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा, स्वान, प्रोलाइन अशा नावांनी ती विकली गेली होती. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या अशा यंत्रांची संख्या सुमारे ५३ लाख होती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने धोक्याची सूचना प्रसिद्ध केली. यंत्र फुकट दुरुस्त करून देऊ, किंवा सवलतीच्या किमतीत नवे देऊ, असे सांगण्यात आले. तंत्रज्ञ घरी येईपर्यंत अनेकांना कित्येक महिने वाट पाहावी लागली. दरम्यान यंत्र वापरायला हरकत नाही, मात्र घराबाहेर जाताना किंवा झोपताना ते चालू ठेवू नये, असा सल्ला देण्यात आला होता. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातील अठरा मजली इमारतीत सातव्या मजल्यावरील एका घरात अशाच एका यंत्राने पेट घेतला. ज्वाळा बाहेरच्या बाजूने वरच्या मजल्यांवर चढल्या. सुमारे १२० अग्निशामक जवान आग विझवण्यासाठी झटत होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, पण कित्येक कुटुंबे बेघर झाली. लंडनच्या अग्निशामक दलाने आगीचे कारण दोषयुक्त ड्रायर हेच असल्याचे सांगितले. त्या घरात यंत्र चालू असताना माणसे हजर होती. म्हणजे कंपनीचा सल्ला पाळूनही व्हायचे ते झाले. 'यंत्राचा प्लग काढून ठेवा, वापरू नका' असा बदललेला सल्ला फेब्रुवारी २०१७ मध्ये आला, तोही स्थानिक शासकीय यंत्रणेने कारवाई केल्यानंतर. आणि खऱ्या अर्थाने परत बोलावणे सुरू झाले ते जुलै २०१९ मध्ये, सरकारने तशा आदेशाचा इशारा दिल्यावर. तोवर ५ लाखांपर्यंत यंत्रे दुरुस्तीवाचून लोकांच्या घरांत तशीच असावीत, असा अंदाज होता.

आता प्रश्नाकडे वळू. विक्रेत्याने मालाचा दोष सांगावा की नाही, हा वाद फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याची चर्चा केली आहे. एका माणसाला आपले घर विकायचे आहे. ते रोगट आहे, त्याची लाकडे कुजली आहेत आणि हे त्याच्यावाचून कुणालाही ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? बॅबिलोनचा डायोजीनीस म्हणतो, विकत घ्या अशी बळजबरी त्याने कुणावर केलेली नाही. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळी माणसे एका समाजाने बांधलेली आहेत. दुसऱ्याला ज्याची गरज आहे ते ज्ञान दडवून ठेवणे म्हणजे ते बंधन तोडणे होय. सिसेरो निवाडा देतो, की प्रत्येक मौन हे लपवणे नसले, तरी ज्याला कळणे हिताचे आहे त्याला आपल्या लाभासाठी अंधारात ठेवणे हे निश्चितच लपवणे आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा अधिक काटेकोरपणे विणला. मालाचा दोष उघड दिसणारा असेल तर तो बोलून दाखवण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला हानी वा धोका संभवत असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. पडायला झालेले घर भक्कम म्हणून विकणे, नासके वा विषारी अन्न चांगले म्हणून विकणे ही त्यांची उदाहरणे आहेत. हानी आणि धोका यांत त्यांनी भेद केला, हे विशेष. हानीने माणसाचा पैसा जातो. धोक्यात त्याचा देह सापडतो.

तथापि ह्या दोन्ही विवेचनांत विक्रेत्याला दोष विकण्यापूर्वीच ठाऊक आहे. आपल्या प्रकरणातले कोडे निराळे आहे. विकताना कारखानदाराने फसवणूक केलेली नाही असे क्षणभर धरून चालू. दोष त्यालाही नंतर कळला. मग गल्ल्यामागची ती पाटी त्याला आसरा देते काय?

ह्याचे उत्तर सिसेरोहूनही जुन्या एका नियमात सापडते. इ. स. पूर्व अठराव्या शतकातील हम्मुराबीच्या कायद्यात आणि बायबलमधील निर्गम ह्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अवचित कुणाला शिंग मारून ठार केले, तर मालकाला दोष लागत नाही. पण बैल मारका आहे हे मालकाला कुणी बजावले होते आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर मालक अपराधी ठरतो. दोन्ही प्रसंगी बैल तोच, शिंग तेच आणि मेलेला माणूसही तितकाच मेलेला. मग फरक कशाचा? ठाऊक असण्याचा. अज्ञानात घडलेला तो अपघात. पण कळून चुकल्यानंतर हातावर हात ठेवून बसणे ही कृती आहे आणि तिचा जाब द्यावा लागतो. तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या पशुपालकांना जे उमगले, ते आजच्या कारखानदारालाही चुकत नाही. दोष कळला त्या दिवसापासून त्याचे निरपराधित्व संपते.

परंतु बैलाच्या उपमेला एक मर्यादा आहे, आणि नेमकी तीच आपल्या प्रश्नाचे मर्म दाखवते. मारका बैल मालकाच्या गोठ्यात असतो. दावे बांधले की झाले. इथे बैल दुसऱ्याच्या घरी पोहोचलेला आहे. ज्ञान एकाकडे आहे आणि वस्तू दुसऱ्याकडे. ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती यंत्र नाही आणि ज्याच्या हाती यंत्र आहे त्याला काही ठाऊक नाही. परत बोलावणे म्हणजे ही ताटातूट संपवणे होय. त्यामुळे कारखानदाराचे कर्तव्य सूचना छापल्याने संपत नाही. ती सूचना त्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली पाहिजे, तिथल्या माणसाला ती समजली पाहिजे आणि ती पाळणे त्याला परवडलेही पाहिजे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील चौकट किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील निवेदन हा आपल्या बचावाचा पुरावा असू शकतो. गावात दवंडी पिटली म्हणून बैल बांधला गेला असे होत नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही काही बोलणे आहे आणि ते तुच्छतेने बाजूला सारण्यासारखे नाही. ब्रिटिश शासनाच्या माहितीनुसार ह्या ड्रायरांमुळे अकरा वर्षांत किमान ७५० आगी लागल्या. ५३ लाख यंत्रांशी हे प्रमाण ताडून पाहिले, तर साधारण सात हजार यंत्रांमागे एक आग पडते. इतक्या विरळ धोक्यासाठी लाखो कुटुंबांना घाबरवून सोडावे काय? ज्या घरात तान्हे मूल आहे, बाहेर पाऊस आहे, आणि नवे यंत्र घेण्याची ऐपत नाही, तिथे 'प्लग काढून ठेवा' हा सल्ला केवढा जाच होतो, याचाही विचार नको काय? शिवाय प्रत्येक लहानसहान दोषासाठी धोक्याची घंटा वाजवली, तर लोक घंटा ऐकेनासे होतील. हे आक्षेप खरे आहेत.

पण त्यांत एक गफलत दडलेली आहे. सात हजारांत एक ही गोष्ट कारखान्याच्या खिडकीतून दिसते. घराच्या खिडकीतून ती दिसत नाही. कारखानदाराला आगीचे प्रमाण ठाऊक असते. कुटुंबाला एकच यंत्र आणि एकच घर असते. शिवाय त्या आकड्याची एक बाजू कारखानदाराच्या ताळेबंदात पडते आणि दुसरी बाजू परक्याच्या देहावर. स्वतःवर ओढवून घेतलेला धोका आणि दुसऱ्याच्या माथी मारलेला धोका यांची तुलना केवळ संख्येने करता येत नाही. यंत्र पेटेल हे ठाऊक असूनही ते वापरीन, असा निर्णय एखाद्या सज्ञान माणसाने स्वतःपुरता घेतला, तर तो त्याचा अधिकार म्हणता येईल. मात्र त्यासाठी आधी त्याला सारे सांगायला हवे. आणि सांगितले तरी त्याच्या वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याचे काय? त्याने ते यंत्र घेतले नाही, पाहिले नाही. त्यातले कपडे त्याचे नव्हते. लंडनमधील त्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना कुणी विचारले होते? पुढे १४ जून २०१७ रोजी त्याच शहरातील ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे मृत्युमुखी पडली. ती आग एका घरातील फ्रीजपाशी विजेच्या दोषातून सुरू झाली, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. ती इतकी भडकली याचे मुख्य कारण इमारतीवर चढवलेले ज्वालाग्राही आवरण होते, आणि त्या फ्रीजचा नमुना परत बोलावण्याची गरज शासकीय तपासणीला वाटली नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तरी एक गोष्ट त्या रात्रीने निर्विवाद दाखवली. खरेदीच्या पावतीवर एकाचे नाव असते. आग मात्र ती पावती वाचत नाही.

'यंत्र चालू असताना जवळ थांबा' ह्या सल्ल्याचेही परीक्षण ह्याच कसोटीवर करावे लागते. वरवर तो शहाणपणाचा वाटतो. वास्तविक त्याने राखण करण्याचे काम कारखानदाराकडून काढून गृहिणीकडे सोपवले. चूक एकाची आणि पहारा दुसऱ्याचा, अशी ही वाटणी झाली.

दुसरा आक्षेप निश्चितीचा. दोष खरोखर आहे की नाही याची खात्री होईपर्यंत थांबू नये काय? अमेरिकेत घडलेले एक प्रकरण येथे उद्बोधक आहे. घरातील हवेचा दमटपणा शोषून घेणारी, ग्री ह्या चिनी कंपनीने बनवलेली यंत्रे तापून पेट घेत होती. तेथील कायद्यानुसार असा दोष कळल्यावर चोवीस तासांच्या आत शासकीय आयोगाला कळवावे लागते. कंपनीशी संबंधित अमेरिकेतील दोन अधिकाऱ्यांना सप्टेंबर २०१२ मध्ये आगीच्या तक्रारींची माहिती मिळाली होती. पण कित्येक महिने ती शासनाला कळवली गेली नाही. सुमारे २५ लाख यंत्रे परत बोलावण्याची मोहीम सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. ह्या यंत्रांशी ४५० हून अधिक आगींचा संबंध जोडला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने त्या दोघांना अपराधी ठरवले आणि २०२५ मध्ये त्यांना तीन वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. न कळवण्याच्या अपराधासाठी त्या कायद्याखाली व्यक्तींना दोषी ठरवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. बैलाच्या जुन्या नियमाला जणू नव्या न्यायालयाने दुजोरा दिला.

खात्री होईपर्यंत थांबण्याच्या युक्तिवादाला जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत एक मार्मिक उत्तर आहे. शिकाऱ्याला झुडपात हालचाल दिसते. ते सावज आहे की माणूस, हे त्याला नक्की कळत नाही. त्याने बाण सोडावा काय? नीतिशास्त्रज्ञांनी एकमुखाने सांगितले : सोडू नये. इतर संशयास्पद बाबींत माणसाला काही मोकळीक घेता येईल. परंतु दुसऱ्याच्या प्राणावर बेतण्याचा संभव असेल, तिथे संशयाचा फायदा त्या दुसऱ्यालाच मिळाला पाहिजे. झुडपात माणूस आहे हे सिद्ध करण्याचा भार झुडपातील माणसावर टाकता येत नाही. तपास जरूर व्हावा. पण तपास चालू असताना यंत्रेही चालू राहिली, तर त्या तपासाचे मोल लोकांची घरे मोजत असतात.

येथवर आपण बनवणाऱ्याचा विचार केला. परंतु ज्ञानाबरोबर जबाबदारी येते हे तत्त्व एकदा मान्य केले, की ते सर्वांनाच लागू होते. सूचनेचे पत्र घरी आले, ते वाचले आणि खणात टाकून दिले, तर त्या क्षणापासून बैल आपल्या गोठ्यात आला. भाड्याने घर देणाऱ्याला आपल्या घरातील यंत्र सदोष आहे हे कळले, तर भाडेकरूला ते सांगणे हे आता त्याचे काम झाले. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याची गोष्टही तीच. आणि कंपनीने कंपनी विकत घेतली तर? इंडेसिटची यंत्रे व्हर्लपूलच्या वाट्याला आली, ती इंडेसिटच्या नावलौकिकासकट. वारसा घ्यायचा तो कर्जासकट घ्यावा लागतो, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. उद्योगालाही तोच न्याय लावला पाहिजे.

आपल्या देशातही आता कायद्याने ही वाट मोकळी केली आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या विसाव्या कलमानुसार, धोकादायक माल परत बोलावण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला देता येतो. हे प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीला, सक्तीच्या मानकांत न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर परत घेऊन ग्राहकांना पैसे देण्याचा आदेश दिला. त्या कंपनीकडे प्रत्येक ग्राहकाचा पत्ता नोंदलेला होता. बाजारपेठेतल्या दुकानातून पक्क्या बिलावाचून घेतलेल्या गीझरचा किंवा इस्त्रीचा पत्ता कुठे नोंदलेला असतो?

ह्याहून बिकट प्रश्न दुसऱ्या घरी गेलेल्या वस्तूंचा आहे. आपल्याकडे जुना फ्रीज, जुना मिक्सर, जुना पंखा फेकून देत नाहीत. तो घरी काम करणाऱ्या बाईला, गावाकडच्या नातेवाइकाला, नाहीतर भंगारवाल्याला दिला जातो, आणि तिथून दुरुस्त होऊन आणखी कुठे पोहोचतो. ही काटकसर आहे आणि पुष्कळदा तिच्यात माणुसकीही असते. परंतु वस्तू जसजशी हात बदलते, तसतशी ती धोक्याची सूचना पोहोचण्याच्या कक्षेबाहेर जाते, आणि शेवटी ज्याच्या घरी विसावते त्याचे वायरिंग सर्वांत जुने आणि खोली सर्वांत दाटीची असते. सूचना वाचणारे आणि सूचनेची गरज असणारे हे बहुधा एकच लोक नसतात. म्हणून किती यंत्रे परत आली, एवढ्या आकड्यावर समाधान मानणे नैतिकदृष्ट्या अपुरे आहे. जी परत आली नाहीत ती कुणाच्या घरी आहेत, हे विचारले पाहिजे. ५३ लाखांतून मागे राहिलेली ५ लाख म्हणजे दहा टक्क्यांहून कमी. अहवालात हे यश म्हणून लिहिता येईल. पण धोका संपूर्णपणे त्याच दहा टक्क्यांत वस्तीला आहे.

यावर कुणी म्हणेल, की असे असेल तर कारखानदाराच्या कर्तव्याला अंतच नाही. वीस वर्षांपूर्वी विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे त्याने गावोगाव धावावे काय? अशक्य ते करण्याचे बंधन कुणावरही नसते, हे खरेच. पण शक्य आणि सोयीस्कर यांच्यामध्ये फार मोठा प्रदेश पसरलेला आहे आणि बहुतेक कर्तव्ये त्याच प्रदेशात राहतात. विक्रीच्या वेळी नावनोंदणी करून घेणे, दुरुस्ती करणाऱ्यांपर्यंत सूचना नेणे, ती लोकांच्या भाषेत लिहिणे, सवलतीऐवजी वस्तू विनामूल्य बदलून देणे : यांतले काहीही अशक्य नाही. नवा माल खपवायचा असतो तेव्हा हेच उद्योग आपले घर, आपली भाषा, आपले सणवार बिनचूक शोधून काढतात. जाहिरात जिथवर पोहोचते तिथवर इशाराही पोहोचू शकतो.

मालकी पैशाने हस्तांतरित होते. ज्ञान तसे होत नाही. ते मुद्दाम नेऊन द्यावे लागते, आणि ते पोहोचेपर्यंत ज्याच्यापाशी ते असते त्याच्या शिरावर राहते. विकणारा आणि घेणारा परके झाले असे पाटी म्हणते, तेव्हा ती फार तर पैशापुरते खरे बोलते. वस्तू जोवर कुणाच्या तरी घरात विजेला जोडलेली आहे, तोवर ती ज्याने घडवली त्याचे आणि त्या घरात झोपलेल्या माणसांचे नाते शिल्लक असते. त्या माणसांना ते ठाऊक नसेल. म्हणून तर ज्याला ठाऊक आहे, त्याला स्वस्थ झोपण्याचा अधिकार नाही.